शांत पेशी आधी, जखम नंतर: रक्तवाहिनीच्या स्नायूपेशींमधली जनुकं मोजण्याचा क्रम

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च उजाडला की कोल्हापुरातल्या एम.एस्सी.च्या आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे फोन सुरू होतात. तक्रार एकच असते. ‘सर, पीडीजीएफ दिलं, स्क्रॅच केला, क्यूपीसीआर तीनदा लावला, पण कंट्रोल आणि ट्रीटमेंट सारखंच येतंय.’ (पीडीजीएफ म्हणजे प्लेटलेटमधून येणारं, पेशींना वाढायला लावणारं प्रथिन; स्क्रॅच म्हणजे पेशींच्या थरावरचा ओरखडा; क्यूपीसीआर म्हणजे जनुकाचा आरएनए मोजण्याची पद्धत; कंट्रोल म्हणजे उपचार न दिलेल्या पेशी.) नाहीतर याच्या उलट: ‘एक जनुक दोनशे पट वाढलंय, गाइड विश्वास ठेवत नाहीत.’ मुलं प्रायमर (हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलतात, किट बदलतात, मशीनला दोष देतात. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा मशीनपाशी पोचायच्या चार दिवस आधी झालेली असते. कंट्रोल म्हणून ठेवलेली पेशी शांत नसतेच. ती आधीच जखमी असल्यासारखी वागत असते, आणि जखमी पेशीला पुन्हा जखम करून फरक शोधणं म्हणजे भर पावसात अंगावर तांब्याभर पाणी ओतून ओलं झालो का बघणं.

म्हणून हा लेख पेशी हातात येण्यापासून प्रबंधात निष्कर्ष लिहिण्यापर्यंत, ज्या क्रमानं काम करायचं त्या क्रमानं लिहिला आहे. क्रम मोडू नका.

## काम सुरू करण्याआधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या

निरोगी धमनीतली स्मूथ मसल पेशी आकुंचन-प्रसरणाचं काम करते, विभागत जवळजवळ नाही. अँजिओप्लास्टीचा फुगा, स्टेंट किंवा बायपासची शिवण यांमुळे भिंतीला इजा झाली की तिथे प्लेटलेट चिकटतात, त्यांतून पीडीजीएफ बाहेर पडतं, आणि हीच पेशी आकुंचनाची प्रथिनं कमी करून विभागायला आणि सरकायला लागते. आतल्या बाजूला नवा थर चढतो, वाहिनी पुन्हा अरुंद होते.

जनुकांच्या पातळीवर सगळा खेळ एसआरएफ नावाच्या प्रथिनाभोवती आहे. ते डीएनएवर कार्ग बॉक्स नावाच्या जागी बसतं: दोन सी, मग ए किंवा टी असलेली सहा अक्षरं, मग दोन जी. गंमत अशी की आकुंचनाची जनुकंही यानंच चालू होतात आणि फॉससारखी वाढीची सुरुवातीची जनुकंही यानंच. मल्ल एक, वस्ताद दोन. मायोकार्डिन हे जोडीदार प्रथिन सोबत असेल तर एसआरएफ एसीटीए२, सीएनएन१, एमवायएच११ ही आकुंचनाची जनुकं चालवतं. पीडीजीएफचा निरोप आला की ईआरके या निरोप्या एन्झाइमच्या साखळीतून एल्क-१ या प्रथिनावर फॉस्फेट चढतो, एल्क-१ मायोकार्डिनला बाजूला सारून एसआरएफला धरतो आणि आखाडा बदलतो. त्याच वेळी केएलएफ४ हे नियामक प्रथिन वाढून आकुंचनाची जनुकं दाबतं. दुसऱ्या बाजूनं मायक्रो-आरएनए १४५ (प्रथिन न बनवणारा छोटा आरएनए) केएलएफ४ला आवर घालतं. जखमेनंतर ते घटतं, त्यामुळे हा आवरही सुटतो.

एसआरएफ (सिरम रिस्पॉन्स फॅक्टर) या नावातच ‘सिरमला प्रतिसाद’ हा अर्थ आहे. टप्पा ४ मध्ये याचीच गरज पडणार आहे.

## टप्पा १: प्रश्न एका ओळीत, मग घड्याळ

‘जखमेनंतर जनुकांचं नियमन’ हा प्रश्न नव्हे, विषय आहे. प्रश्न असा हवा: ‘पीडीजीएफ-बीबी (पीडीजीएफचाच एक प्रकार) दिल्यावर एसीटीए२ घटतं, त्याला केएलएफ४ जबाबदार आहे का?’ वहीच्या पहिल्या पानावर तो लिहा. त्याखाली वेळापत्रक, कारण प्रत्येक जनुकाची वेळ वेगळी आहे.

- ३० ते ६० मिनिटं: फॉस. येतं आणि लगेच ओसरतं.
- १ ते ४ तास: केएलएफ४ची वाढ इथे शोधा.
- ६ ते १२ तास: सायक्लिन डी१, पेशीला विभाजनाकडे नेणारं जनुक.
- १८ ते २४ तास: नवा डीएनए बनवणाऱ्या पेशी.
- २४ ते ४८ तास: एसीटीए२, सीएनएन१, एमवायएच११ यांची घट.
- ४८ ते ७२ तास: पेशींच्या संख्येत दिसणारा फरक.

हे ढोबळ आहे, तुमच्या पेशींत थोडं मागेपुढे होईल. पण सगळी जनुकं २४ तासांच्या एकाच नमुन्यात मोजायची आणि ‘केएलएफ४ वाढत नाही’ असं लिहायचं, ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीकडे टक लावून का बसतो? पाक दोन मिनिटं आधी उतरवला तर काकवी, दोन मिनिटं उशिरा तर करपा. कढई तीच, रस तोच. जनुकाचंही तसंच आहे.

तपासा: प्रत्येक वेळेला त्याच वेळेचा बिनउपचाराचा कंट्रोल आहे का? २४ तासांच्या ट्रीटमेंटची तुलना ० तासाशी करू नका. नुसतं कमी सिरममध्ये (टप्पा ४ मधला उपास) बसूनसुद्धा २४ तासांत आकुंचनाची जनुकं वाढतात. तो फरक तुम्ही पीडीजीएफच्या खात्यावर टाकाल.

## टप्पा २: पेशी कुठून आणायच्या

तीन वाटा आहेत.

पहिली, ए७आर५ ही पेशीमालिका. उंदराच्या नव्हे, घुशीसारख्या दिसणाऱ्या प्रयोगशाळेतल्या रॅटच्या भ्रूणाच्या महाधमनीतून ती काढलेली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे देशाचा पेशीसंग्रह आहे. मालिका अशा अधिकृत संग्रहातूनच घ्या. शेजारच्या प्रयोगशाळेतून ‘एक फ्लास्क दे की’ म्हणून आणलेल्या पेशींचं वय, नाव आणि मायकोप्लाझ्मा, तिन्ही अज्ञात असतात. मूळ भ्रूणाचं असल्यानं प्रौढ पेशीची काही जनुकं, विशेषतः एमवायएच११, हिच्यात क्षीण मिळू शकतात. योजना आखण्याआधी एकदा मोजून बघा.

दुसरी, रॅटच्या महाधमनीतून स्वतः काढलेल्या पेशी. यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी हवी, नंतर नाही. समितीची बैठक रोज होत नसते. अर्ज जूनमध्ये टाका, डिसेंबरमध्ये धावाधाव करू नका. पेशी तिसऱ्या ते सहाव्या पिढीत वापरा. त्यापुढे त्या आपोआपच वाढीच्या रूपाकडे झुकतात.

तिसरी वाट खास आपल्याकडची. कोल्हापुरात मटणाच्या दुकानाला तोटा नाही, त्यामुळे ‘बोकडाची धमनी आणूया’ ही कल्पना दर दोन वर्षांनी कुणाला तरी सुचते. कल्पना वाईट नाही. पण समितीला विचारून उत्तर लेखी घ्या, ऊतक कापल्यापासून प्रयोगशाळेपर्यंत थंड अँटिबायोटिक द्रावणात आणा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रायमर शेळीच्या जनुकक्रमावरून बनवा. रॅटचे प्रायमर शेळीच्या आरएनएवर लावून ‘जनुक व्यक्तच होत नाही’ असा निष्कर्ष काढलेला एक अहवाल माझ्या हाताखालून गेला आहे.

तपासा: पेशी खरंच स्मूथ मसल आहेत का? नुसतं एसीटीए२ दिसणं पुरेसं नाही; फ्लास्कमध्ये बसलेले फायब्रोब्लास्टही ते दाखवतात. एमवायएच११ किंवा स्मूदेलिन बघा, आणि आतल्या अस्तराच्या पेशींची खूण असलेलं सीडी३१ नाही हेही बघा.

तपासा: मायकोप्लाझ्मा. पेशी आल्या त्या आठवड्यात, मग दर महिन्याला. हा जीव दिसत नाही, माध्यम गढूळही करत नाही, पण जनुकांचे आकडे मात्र फिरवतो.

## टप्पा ३: सामान, पाऊस आणि वीज

पुणे-कोल्हापूर अंतर साधारण २३० किलोमीटर. कागदावर ते एका रात्रीचं काम आहे. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. ड्राय आइसमधलं पार्सल अशा वेळी कुठेतरी उभं राहिलं की आतल्या एन्झाइमची भाजी होते. बर्फातून येणारं सामान शक्यतो जूनच्या आधी किंवा सप्टेंबरनंतर मागवा. मागवलंच तर सोमवारी निघेल असं सांगा, म्हणजे रविवारी ते गोदामात पडणार नाही. खोका आल्या आल्या उघडा, ड्राय आइस शिल्लक आहे का याचा फोटो काढा, तारीख वहीत लिहा.

पावसाळ्यात दुसरा शत्रू म्हणजे बुरशी. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला, आणि पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूममध्ये नेऊ नका. ओल्या छत्रीबद्दल सांगायला नको, पण सांगतो: बाहेर.

पीडीजीएफ-बीबी पावडर असते. पुरवठादाराच्या पत्रकात सांगितलेल्या द्रावणातच विरघळवा. सहसा ते ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असं असतं. साठा १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवला तर हिशोब सोपा जातो: २ मिलिलिटर माध्यमात ४ मायक्रोलिटर घातलं की २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. एका प्रयोगाला लागेल एवढ्याच छोट्या नळ्या करून गोठवा. वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही, अर्धी उरली तरी.

आमच्याकडे एका उन्हाळी सुट्टीत फ्रीजर रात्रभर बंद राहिला. सकाळी वीज आली, सगळं पुन्हा गोठलं, कुणाला कळलं नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही मेलेलं पीडीजीएफ पेशींना पाजत होतो आणि पेशींना शिव्या देत होतो. तेव्हापासून आमच्या फ्रीजरमध्ये एक युक्ती आहे: छोट्या बाटलीत पाणी गोठवायचं आणि बर्फावर नाणं ठेवायचं. नाणं तळाशी गेलेलं दिसलं की मधे वितळलं होतं हे समजतं.

सावध: प्रत्येक नव्या नळीची ताकद आधी बघा. शांत केलेल्या पेशींना ती द्या आणि ४५ मिनिटांनी फॉस मोजा. फॉस उसळलं नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: पेशी शांत करणं

सगळा लेख ज्यासाठी लिहिला तो टप्पा हा.

आपण पेशी १० टक्के एफबीएसमध्ये, म्हणजे वासराच्या भ्रूणाच्या सिरममध्ये, वाढवतो. सिरम म्हणजे काय? रक्त गोठू दिल्यावर उरलेला द्रव. गोठताना प्लेटलेट फुटतात आणि त्यांच्यातलं पीडीजीएफ त्यात उतरतं. म्हणजे फ्लास्कमधल्या पेशीला आपण रोज सकाळ-संध्याकाळ ‘वाहिनी फाटली, वाहिनी फाटली’ हाच निरोप देत असतो. तिचं एल्क-१ चालू आहे, केएलएफ४ वर आहे, एसीटीए२ खाली आहे. अशा पेशीत वरून २० नॅनोग्रॅम पीडीजीएफ घालून काय वेगळं दिसणार?

क्रम असा ठेवा.

१. सहा विहिरींच्या (विहीर म्हणजे प्लेटमधला खड्डा) प्लेटमध्ये दर विहिरीत दीड ते दोन लाख पेशी पेरा. मोजून पेरा, डोळ्यांच्या अंदाजानं नको. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवण्याआधी पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे हलवा, गोल फिरवू नका. गोल फिरवलं की पेशी मध्यभागी गोळा होतात.

२. पीडीजीएफच्या प्रयोगासाठी ७० ते ८० टक्के भरल्या की थांबा. स्क्रॅचसाठी मात्र पूर्ण भरू द्या. एकाच प्लेटमध्ये दोन्ही करू नका. दाटीवाटीतल्या पेशी आणि विरळ पेशी मुळातच वेगळ्या वागतात.

३. माध्यम काढा. कोमट पीबीएसनं (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धुवा. एकदा नाही, दोनदा. विहिरीच्या कडेला चिकटलेलं जुनं सिरम अर्धा-पाऊण टक्का सहज भरतं, आणि तुम्ही ‘०.१ टक्के’ लिहून मोकळे होता.

४. ०.१ ते ०.५ टक्के एफबीएस असलेलं माध्यम घाला आणि २४ ते ४८ तास ठेवा. हा पेशींचा उपास. किती तास, हे स्वतःच्या पेशींवर एकदा ठरवा आणि मग सगळ्या प्रयोगांत तेच पाळा. एका वेळी २४, पुढच्या वेळी रविवार आला म्हणून ६०, असं केलंत तर ते दोन वेगळे प्रयोग झाले.

५. पीडीजीएफ देताना माध्यम बदलू नका. ताजं माध्यम ओतणं हासुद्धा पेशीला धक्का आहे, त्यानंच फॉस वर जातं. आहे त्या माध्यमात थोड्या मायक्रोलिटरमध्ये पीडीजीएफ अलगद सोडा. कंट्रोल विहिरीत तेवढंच आम्ल-बीएसएचं द्रावण सोडा. ‘कंट्रोलमध्ये काहीच घातलं नाही’ हे उत्तर मौखिक परीक्षेत चालत नाही.

तपासा: पीडीजीएफ देण्याआधी एक विहीर राखून ठेवा आणि तीत विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण बघा, ईडीयू किंवा केआय-६७ या रंगणीनं. पूर्ण सिरममधल्या विहिरीच्या तुलनेत ते स्पष्ट घटलेलं असलं पाहिजे. घटलं नसेल तर उपास पुरेसा झालेला नाही.

सावध: पेशी गोल होऊन तरंगायला लागल्या तर उपास जास्त झाला. मरणाऱ्या पेशींची जनुकं मोजून वाढीबद्दल बोलता येत नाही. प्लेट टाकून द्या, जीव तुटला तरी.

## टप्पा ५: जखम करणं

स्क्रॅच दोन कामांसाठी करतात आणि त्या दोन कामांसाठी दोन वेगळ्या प्लेटा लागतात. हे न समजल्यानं महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

फोटोसाठी. भरलेल्या विहिरीच्या खालून मार्करनं रेघ मारा, म्हणजे दर वेळी तीच जागा सापडेल. २०० मायक्रोलिटरच्या टिपनं, पट्टी धरून, एकाच दमात एक सरळ ओरखडा. दोनदा धुवा, नाहीतर उचकटलेल्या पेशी पुन्हा त्याच जागेत बसतात. ०, १२ आणि २४ तासांना फोटो. रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका, मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ मोजा. आणि लक्षात ठेवा: फट बुजणं म्हणजे पेशी सरकणंही असतं आणि विभागणंही. फक्त सरकणं हवं असेल तर कमी सिरम ठेवा आणि मायटोमायसिन-सीनं विभाजन रोखा. त्याची मात्रा आधी वेगळ्या विहिरीत ठरवा.

सावध: मायटोमायसिन-सी विषारी आहे, डीएनएलाच जोडणी घालतं. हातमोजे दोन थर, उरलेलं द्रव सिंकमध्ये ओतू नका, रासायनिक कचऱ्याच्या बाटलीत टाका.

आरएनएसाठी. इथे एक ओरखडा निरुपयोगी आहे. हिशोब करून बघा. विहिरीचा व्यास ३५ मिलिमीटर, क्षेत्रफळ साधारण ९६० चौरस मिलिमीटर. ओरखड्याच्या दोन्ही काठांवर ०.३ मिलिमीटरपर्यंतच्या पेशींना जखम जाणवते असं समजा. त्या पट्ट्या मिळून २१ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन टक्के पेशी. त्यांच्यात एखादं जनुक दहापट वाढलं तरी संपूर्ण विहिरीच्या आरएनएत ते १.२ पट दिसेल. तुमच्या पिपेटची चूकही तेवढी असते.

म्हणून आरएनएच्या प्लेटमध्ये जाळी करा: सात-आठ ओरखडे आडवे, सात-आठ उभे, सगळ्या विहिरींत सारखेच. कंट्रोल विहिरीही त्याच वेळी बाहेर काढा, त्याच पीबीएसनं तेवढ्याच वेळा धुवा, फक्त ओरखडा मारू नका. हुडखाली वीस मिनिटं थंड झालेली प्लेट आणि इन्क्युबेटरमध्ये उबेत बसलेली प्लेट यांची तुलना म्हणजे थंडीचा प्रयोग.

## टप्पा ६: वेळेवर थांबवा, आरएनए काढा

३० मिनिटांच्या नमुन्यात पाच मिनिटांची ढिलाई म्हणजे मोठी चूक. बारा विहिरी एकदम थांबवता येत नाहीत, म्हणून पीडीजीएफच दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं द्या आणि त्याच क्रमानं थांबवा.

माध्यम काढा, थंड पीबीएसनं एकदा धुवा, दर विहिरीत १ मिलिलिटर ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए बाहेर काढणारं द्रावण). पाच मिनिटांनी नळीत घ्या. इथे दिवस संपत असेल तर नळ्या उणे ८० अंशांत ठेवता येतात. पुढे: २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, जोरात हलवा, ४ अंश तापमानाला १२,००० जी वर १५ मिनिटं. वरचा स्वच्छ थर घ्या, पण सगळा नको. शेवटचे शंभर मायक्रोलिटर वाचवायच्या मोहात मुलं मधला पांढरा पापुद्रा ओढतात आणि डीएनए सोबत आणतात. मग आयसोप्रोपेनॉल, ७५ टक्के इथेनॉलनं धुणं, आणि गोळी वाळवणं. गोळी फार वाळवू नका. पारदर्शक झाली की विरघळत नाही.

सावध: ट्रायझॉलमध्ये फिनॉल आहे. त्वचेवर पडलं तर भाजतं, आणि सुरुवातीला दुखतही नाही. हुड आणि चष्मा लागतोच.

तपासा: आरएनएची शुद्धता. प्रकाशशोषणाचं २६०/२८० गुणोत्तर २.०च्या आसपास, २६०/२३० गुणोत्तर १.८च्या वर. दुसरं कमी असेल तर फिनॉल किंवा ग्वानिडिन राहिलंय. इथेनॉलनं पुन्हा धुवा. त्यानंतर डीएनेज, म्हणजे उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम. हा टप्पा गाळू नका.

मायक्रो-आरएनए १४५ मोजायचं असेल तर आधीच ठरवा. नेहमीच्या बऱ्याच स्तंभ-किटांमधून २०० अक्षरांपेक्षा छोटे आरएनए धुऊन जातात. मग ते ‘सापडत नाही’ याचं आश्चर्य करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ७: क्यूपीसीआर आणि संदर्भ जनुकाचा घोळ

सगळ्या नमुन्यांतून सारखाच आरएनए, समजा ५०० नॅनोग्रॅम, घेऊन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एन्झाइमनं सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, बनवा. प्रत्येक नमुन्याची एक नळी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवाय ठेवा. तीत संकेत आला तर तो डीएनएचा आहे. इंट्रॉन (जनुकातला, आरएनएतून कापला जाणारा भाग) ओलांडणारे प्रायमर आहेत म्हणून ही नळी नको, असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की जीएपीडीएच आणि बीटा-अ‍ॅक्टिन यांच्या इंट्रॉन नसलेल्या खोट्या प्रती जीनोममध्ये पसरलेल्या आहेत.

प्रायमर वापरण्याआधी सीडीएनएचे दहापट पातळ करत पाच टप्पे बनवा आणि सीटी (संकेत दिसेपर्यंत लागलेली चक्रं; एक चक्र जास्त म्हणजे आरएनए निम्मा) विरुद्ध पातळपणा या रेषेचा उतार काढा. उणे ३.३२ म्हणजे शंभर टक्के कार्यक्षमता; उणे ३.१ ते उणे ३.६ चालतं. मेल्ट कर्व्हमध्ये एकच शिखर हवं.

आता संदर्भ जनुक, म्हणजे उपचारानं न हलणारं, ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची ते. फ्रीजरमध्ये बीटा-अ‍ॅक्टिनचे प्रायमर पडलेले असतात, म्हणून सगळे तेच लावतात. मीही लावले होते. अख्ख्या सत्राचा डेटा गेला. बीटा-अ‍ॅक्टिन हे स्वतःच एसआरएफचं जनुक आहे. सिरम किंवा पीडीजीएफ दिलं की ते हलतं. ज्या काट्यानं वजन करायचं तोच काटा मालासोबत हलतोय.

आकड्यांत बघू, हे निव्वळ उदाहरणाचे आकडे आहेत. कंट्रोलमध्ये एसीटीए२चा सीटी १८.२, स्थिर संदर्भ जनुक आरपीएलपी०चा १७.०, फरक १.२. पीडीजीएफनंतर २०.४ आणि १७.२; फरक ३.२. दोन फरकांतलं अंतर २, म्हणजे जनुक एक चतुर्थांशावर आलं. आता आरपीएलपी०ऐवजी बीटा-अ‍ॅक्टिन घ्या: कंट्रोलमध्ये १६.०, आणि पीडीजीएफनं ते दुप्पट झाल्यामुळे १६.२ ऐवजी १५.२. फरक २.२ आणि ५.२, अंतर ३. तोच नमुना, आणि घट आता एक अष्टमांश. एवढंच नाही, जे जनुक जागचं हललंच नाही तेही निम्मं झालेलं दिसेल.

जीएपीडीएचही निर्धोक नाही, कारण वाढणाऱ्या पेशीत ग्लुकोज जाळण्याचं यंत्र जोरात चालतं. आरपीएलपी०, एचपीआरटी, १८एस अशी तीन-चार जनुकं तुमच्या सगळ्या वेळांवर मोजा, जी स्थिर राहतील अशी दोन निवडा, आणि त्यांच्या सरासरीशी तुलना करा. क्यूपीसीआरसाठी २००९ साली आलेल्या एमआयक्यूई मार्गदर्शक सूचनांचीही हीच अपेक्षा आहे: संदर्भ जनुक का निवडलं ते दाखवा.

तपासा: एसीटीबी आणि एसीटीए२. पहिलं बीटा-अ‍ॅक्टिन, दुसरं स्मूथ मसल अल्फा-अ‍ॅक्टिन. नळीवरचं शेवटचं अक्षर पुसलं गेलेलं असताना प्रायमर वापरू नका. हसू नका, घडलेलं आहे.

तपासा: ‘एन बरोबर ३’ म्हणजे तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या पेरण्यांतून केलेले प्रयोग. एकाच सीडीएनएच्या तीन विहिरी म्हणजे एन १. त्या तीन विहिरी फक्त तुमच्या हाताची स्थिरता सांगतात.

आणि ते दोनशे पट? बहुतेक वेळा कंट्रोलमधला सीटी ३६-३७ असतो. ३५च्या पुढच्या आकड्यावर गुणोत्तर उभारू नका. ‘कंट्रोलमध्ये मोजण्याइतकं नाही’ असं लिहा.

## टप्पा ८: ‘वाढ झाली’ हे वेगळं सिद्ध करा

सायक्लिन डी१चा आरएनए वाढला म्हणजे पेशी वाढल्या असं नाही. ट्रिप्सिन लावून, ट्रायपॅन ब्लू घालून, ४८ आणि ७२ तासांना पेशी मोजा. सोबत ईडीयू किंवा ब्रडयू. एमटीटी स्वस्त आहे म्हणून सगळे तेच करतात. पण ते पेशींची चयापचयाची धग मोजतं, डोकी नाही. पीडीजीएफनं प्रत्येक पेशी जास्त खायला लागली तरी एमटीटीचा जांभळा रंग गडद होतो.

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन पट्टीच्या रूपात बघण्याची पद्धत) करणार असाल तर आणखी एक. अ‍ॅक्टिन प्रथिन टिकाऊ असतं. २४ तासांत आरएनए चौथाईवर येऊनही पट्टी तशीच जाड दिसू शकते. ४८ आणि ७२ तासांचे नमुने ठेवा, मगच ‘प्रथिनावर परिणाम नाही’ म्हणा.

## टप्पा ९: जनुक कारण आहे की नुसतं साक्षीदार

केएलएफ४ वाढलं, एसीटीए२ घटलं. दोघं एकाच वेळी घडलं एवढंच यातून कळतं. कारण दाखवायला केएलएफ४ काढून बघावं लागतं.

पहिल्या दिवशी ५० ते ६० टक्के भरलेल्या पेशींत केएलएफ४ विरुद्धचा एसआय-आरएनए (ठरावीक जनुकाचा आरएनए नष्ट करवणारा छोटा तुकडा), १० ते ५० नॅनोमोलर, अँटिबायोटिक नसलेल्या माध्यमात. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन असलं की याच वेळी पेशी जास्त मरतात. दुसऱ्या दिवशी धुऊन कमी सिरम. तिसऱ्या दिवशी पीडीजीएफ. चौथ्या दिवशी नमुने. दोन वेगळ्या क्रमांचे एसआय-आरएनए हवेत. एकाच क्रमाचा परिणाम भलत्याच जनुकावर पडलेला असू शकतो. आणि कुठल्याच जनुकाला न जुळणारा नियंत्रण-क्रमही हवा.

इथला सापळा असा: शांत पेशीत केएलएफ४ मुळातच कमी असतं. त्यामुळे घट किती झाली हे पीडीजीएफ दिल्यावर दोन तासांनी मोजा, आधी मोजलंत तर ‘काम झालं नाही’ असं वाटेल.

## टप्पा १०: निष्कर्षाच्या पानावर

‘केएलएफ४ रोखल्यास स्टेंटनंतरचा अडथळा टळेल’ असली ओळ लिहायचा मोह आवरा. तुमच्या प्लेटमध्ये ना अस्तराच्या पेशी, ना प्लेटलेट, ना रक्ताचा दाब. रॅटच्या मानेतल्या धमनीत फुग्यानं इजा केली तर मधल्या थरातल्या पेशी दुसऱ्या दिवसापासून विभागतात, चौथ्या दिवसाच्या सुमारास आत सरकतात, आणि दोन आठवड्यांत आतला थर भरतो. तुमची प्लेट यातले पहिले दोन-तीन दिवस दाखवते, तेही अर्धवट. ई२एफ या विभाजनाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला फसवणारा डीएनएचा तुकडा, एडिफोलिजाइड, बायपासच्या शिरांवर वापरून बघितला गेला. तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीचे निकाल २००५ साली आले आणि उपयोग दिसला नाही. उलट पेशीचक्रच थोपवणारं सिरोलिमस स्टेंटवर चढवलं ते चाललं. अमेरिकेत २००३ साली त्याला मान्यता मिळाली. प्लेटमध्ये दोन्ही छान दिसतात.

लिहा ते एवढंच: कुठल्या पेशी, कितवी पिढी, किती तास उपास, किती टक्के सिरम, कुठली संदर्भ जनुकं, किती वेगळे प्रयोग. आणि बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात तो प्रश्न, ‘तुमच्या कंट्रोलमधल्या पेशी शांत होत्या कशावरून?’, त्यासाठी टप्पा ४ मध्ये राखून ठेवलेल्या विहिरीचा ईडीयूचा फोटो पहिल्याच आकृतीत, ‘अ’ या चौकटीत लावा.